घराचा शिरस्ता

दिवाळी आठ दिवसांवर येऊन ठेपली म्हणजे आपल्याकडच्या घराघरांतून जी एक मोहीम निघते, जिच्यात माळ्यावरचे हंडे-कळशा खाली उतरतात, पंख्याची पाती ओल्या फडक्याने पुसली जातात, कपाटांमागची जळमटे निघतात, वर्षभर बेपत्ता असलेली किल्ली एकाएकी हजर होते आणि घरातील कर्त्या बाईची कंबर धरते, ती मोहीम पाहून त्रयस्थाचा असा समज व्हावा की आता हे घर निदान सहा महिने तरी लखलखीत राहील. प्रत्यक्षात तुळशीचे लग्न लागते न लागते तोच जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रे, औषधांच्या पट्ट्या, मोबाईलची वायर, कोणाचा तरी चष्मा आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा असा सगळा सरंजाम पुन्हा मुक्कामाला येतो, आणि गृहिणी सुस्कारा टाकून म्हणते, ‘आमच्याकडे कितीही आवरा, पसारा तो पसाराच.’ तिचा वैताग खरा असतो. पण त्याचा ठपका दिवाळीच्या साफसफाईवर ठेवता येत नाही. ती साफसफाई ज्या कामासाठी आहे ते काम ती चोख बजावते. आपण तिच्याकडून भलत्याच कामाची अपेक्षा करतो, इतकेच.

धूळ, काजळी, जळमटे ही आपली आपण साचतात. त्यांना कोणाचा हात लागत नाही, आणि म्हणून ती वर्षाकाठी, महिन्याकाठी किंवा आठवड्याकाठी ठरावीक मुदतीने काढली तरी चालते. पसाऱ्याची गोष्ट निराळी. टेबलावरचा चष्मा आपल्या पायांनी तेथे आलेला नसतो. तो कोणीतरी, कोणत्या तरी क्षणी, दुसऱ्या कशाच्या तरी घाईत, ‘आत्तापुरता’ म्हणून तेथे टेकवलेला असतो, आणि अशा दहा-बारा ‘आत्तापुरत्यां’ची संध्याकाळी जी बेरीज होते तिलाच आपण पसारा म्हणतो. जे क्षणाक्षणाने होते त्याचा बंदोबस्त वर्षातून एकदा करू पाहणे म्हणजे रोजचा स्वयंपाक रविवारी एकदम करून ठेवण्याची तजवीज करणे होय. पसाऱ्यावरचा इलाज वस्तू हातात असतानाच करायचा असतो, कारण त्या वेळी तो दोन पळांचा असतो. वस्तू एकदा हातातून सुटली, तिच्यावर दुसरी वस्तू येऊन बसली, की तोच इलाज अर्ध्या तासाचा होतो.

जुन्या स्वयंपाकघरात विळीचा एक अलिखित नियम होता. भाजी चिरून झाली की देठे आणि साली एका बाजूस लोटून, पाते पुसून, ते मिटवून, आणि मिटणारे नसेल तर विळी आडवी करून पात्याची बाजू भिंतीकडे वळवून ठेवल्याखेरीज बाई दुसऱ्या कामाला लागत नसे. घरात बहुधा एखादे रांगते मूल असे, एखादी मांजर फिरत असे, अंधार लवकर पडे. उघडी विळी ही गोष्ट कोणाच्या कल्पनेतही बसत नसे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या मिटवामिटवीला कोणी ‘आवराआवर’ असे स्वतंत्र नाव दिले नव्हते. भाजी चिरणे या कामातच विळी मिटवणे अंतर्भूत होते आणि ती मिटवली नसेल तर भाजी चिरून झाली असे कोणी समजत नसे. हीच दृष्टी कात्रीला, औषधाच्या बाटलीला, बँकेच्या पासबुकाला, ओल्या टॉवेलला आणि मुलांच्या कंपासपेटीला लावली, म्हणजे वस्तू जागच्या जागी परत जाणे हे प्रत्येक कामाचे शेवटचे पाऊल मानले, तर घर आवरणे नावाचे वेगळे काम बरेचसे शिल्लकच राहत नाही. या लेखात मला सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच; बाकीचा मजकूर त्याच्या तपशिलाचा आहे.

ज्यांना ही दृष्टी परिस्थितीनेच शिकवली अशी घरे मुंबईच्या चाळींत होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात, मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे ज्या बीडीडी चाळी उभारल्या, त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मजल्यावर अशा वीस खोल्या, मधून सामाईक बोळ आणि संडासही सामाईक. एवढ्याशा जागेत पाच-सात माणसांचे कुटुंब स्वयंपाक करी, जेवी, मुलांचा अभ्यास घेई, दुखणीबाणी काढी आणि गावाहून आलेल्या पाहुण्यालाही सामावून घेई. तेथे सकाळी अंथरुणाची वळकटी झाल्याशिवाय स्टोव्ह पेटवायला जमीनच मोकळी नसे. ताटे उचलून मोरीत गेल्याशिवाय मुलांना दप्तर उघडायला जागा नसे. आणि रात्री दप्तर खुंटीला लागल्याशिवाय अंथरूण पडत नसे. गावी कुटुंब ठेवून गिरणीच्या पाळ्यांवर राबणाऱ्या पुरुषांच्या खोल्यांत तर एक पाळी झोपून उठे तेव्हा दुसरी येऊन त्याच जागेवर निजे, आणि तेथे प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवरची एक खुंटी. या जीवनाचे गोडवे गाण्याचे मला काही प्रयोजन दिसत नाही. ती दाटी माणसांवर लादलेली होती आणि तिचा काच बायकांना सर्वांत जास्त बसला. आता वरळीत त्या चाळींच्या जागी रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट होय. मात्र लहान घरातून मोठ्या घरात गेलेल्या कोणत्याही कुटुंबाला थोड्याच दिवसांत एक अनुभव येतो: जागा वाढली की वस्तू परत ठेवण्याची सक्ती नाहीशी होते, वळकटी न करताही चहा होऊ शकतो, आणि जे काम पूर्वी जागेची टंचाई करवून घेत असे ते आता सवयीने करवून घ्यावे लागते.

राज्यकारभारासारख्या मोठ्या प्रपंचालाही हा न्याय चुकलेला नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या अगोदर चिपळूणनजीकच्या छावणीतील आपल्या अंमलदारांना धाडलेले एक पत्र इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. रयतेला तोशीस लागू नये या ताकिदीसाठी ते बहुधा आठवले जाते. परंतु त्याच पत्रात, दाणावैरण सारा पावसाळा पुरेल अशा बेताने खर्च करावी, आणि रात्री दिवा तसाच जळता ठेवून निजू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवताला आग लागेल, असाही तपशील आहे. एवढे राज्य उभे करणाऱ्या पुरुषाला झोपण्यापूर्वी दिवा मालवण्याची गोष्ट क्षुल्लक वाटली नाही, याचे आपल्याला नवल वाटते; वस्तुतः ज्याने कोठारे राखली आहेत त्याला ती तशी वाटणे शक्यच नव्हते.

पुण्याच्या पेशवे दफ्तराची हकीकत याहून अधिक बोलकी आहे. पेशव्यांच्या फडावर जमाखर्चाची रोजकीर्द लिहिली जाई, कागद रुमालांत बांधले जात आणि रुमाल ठरल्या जागी ठेवले जात; नाना फडणिसांच्या अमदानीत ही व्यवस्था विशेष चोख होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराकडे दुर्लक्ष झाले, तेथील कारकुनांचा सरंजाम जवळजवळ मोडला आणि कागद ज्याच्या त्याच्या हाती जाऊ लागले, असे इंग्रजी अमलाच्या आरंभी दफ्तर पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी नमूद करून ठेवले आहे. रुमाल तेच होते आणि पेट्याही त्याच होत्या. सोडलेला रुमाल परत बांधणारा हात तेवढा गेला होता. म्हणूनच, नवी कपाटे आणली की घर आपोआप आवरले जाईल असे मानणाऱ्यांना माझे सांगणे असते की अगोदर हात तयार करा, कपाटाचे मागाहून पाहू.

हा हात तयार होतो कसा, आणि किती दिवसांत? याविषयी एकवीस दिवसांचा एक आकडा बाजारात फार चालतो. त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाच्या १९६० सालच्या एका पुस्तकात आहे. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना आपल्या नव्या रूपाची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे तोंडातोंडी जाताना त्यातला ‘निदान’ गळाला, शस्त्रक्रियाही गळाली, आणि कोणतीही सवय तीन आठवड्यांत लागते एवढे सुभाषित उरले. मग बाविसाव्या दिवशीही ज्यांची सवय लागलेली नसते ती माणसे स्वतःला कमकुवत मनाची ठरवून मोकळी होतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांकडून खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी साधी गोष्ट, रोजच्या एखाद्या ठरावीक प्रसंगाला जोडून, बारा आठवडे करवून घेतली आणि तिची पाहणी २००९ साली प्रसिद्ध केली. ती क्रिया जवळजवळ आपोआप होऊ लागण्यास लागणाऱ्या दिवसांचा मध्यांक ६६ निघाला. पण कोणाला अवघे १८ दिवस पुरले, तर कोणाला त्याच गतीने २५४ लागतील असा हिशेब आला. त्या पाहणीतला माझ्या मते सर्वांत दिलासादायक भाग निराळाच आहे: मध्ये एखादा दिवस खाडा पडला तरी सवय जडण्यात म्हणण्यासारखा खंड पडत नाही. आपल्याकडे व्रतवैकल्यांच्या संस्कारामुळे एक दिवस मोडला की सारे व्रत मोडले अशी समजूत असते आणि मंगळवारी ओटा पुसायचा राहिला की बुधवारपासून तो सोडूनच दिला जातो. घरकामाच्या सवयीला असले कडक सोवळे लावण्याचे कारण नाही.

पाहणीतील दुसरा शब्द महत्त्वाचा आहे, तो म्हणजे ‘प्रसंग’. अमुक काम ‘रोज’ करीन असा संकल्प हवेत राहतो. अमुक झाले की अमुक करीन असा संकल्प जमिनीवर उतरतो. आपल्या घरांत असे प्रसंग मुबलक आहेत. सकाळी दूध तापत ठेवले की माणूस तेथून हलू शकत नाही, हलला तर दूध उतू जाते, आणि त्या पाच-सात मिनिटांत नुसते पातेल्याकडे टक लावून पाहण्यावाचून त्याला उद्योग नसतो. रात्री घासून पालथी घातलेली भांडी एव्हाना निथळून वाळलेली असतात. दुधावर नजर ठेवून हात पाठीमागे गेला, ताटे मांडणीवर उभी लागली, वाट्या एकीत एक गेल्या, चमचे डब्यात पडले, की साय फुगून वर येण्याच्या आत टोपली रिकामी होते आणि दिवसभर ओट्यावर ती आडवी येत नाही. ज्या घरात ही जोडी एकदा जमली तेथे भांडी लावणे हे काम कोणाच्या मोजणीतच येत नाही. दिवेलागणीच्या आत केर काढावा, नंतर काढू नये, हा जुना संकेतही असाच. अंधुक उजेडात केराबरोबर एखादा मणी किंवा कुडी निघून जाऊ नये, असा त्याचा व्यवहारी अर्थ लावतात; तो काही असो, केराची वेळ घड्याळाऐवजी मावळत्या उजेडाला बांधून दिल्यामुळे ती चुकत नसे, हे त्याचे खरे मर्म. कालनिर्णय १९७३ साली निघाले आणि पाहता पाहता घरोघरच्या भिंतीवर गेले. त्याच्या चौकोनांत दुधाचा खाडा, गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीला दिलेले कपडे यांची टिपणे करणारी घरे आजही पुष्कळ आहेत. अशा घरात नीट पाहिले तर खिळ्याला दोऱ्याने बांधलेले एक पेन लोंबताना दिसते. साऱ्या व्यवस्थेचे यश त्या दोऱ्यात आहे. पेन सुटे ठेवले तर ते आठवड्यात मुलाच्या दप्तरात जाते, आणि पुढच्या महिन्यात दुधाच्या बिलावरून वाद होतो.

दिवसातून एकच सवय लावून घेण्याइतकी सवड असेल तर ती कोणती, असे कोणी विचारले तर मी निःसंकोच रात्रीच्या ओट्याकडे बोट दाखवीन. जेवणे आटोपल्यावर उरलेले अन्न लहान भांड्यांत काढणे, शेगडीवरचे बर्नर उचलून खालचे उतू गेलेले पुसणे, सिंकच्या जाळीत अडकलेले शीत आणि कढीपत्त्याचे पान काढून टाकणे, फडके धुऊन पिळून वाळत घालणे आणि ओटा कोरडा करणे, या सर्वांना एकंदर पंधरा मिनिटे लागतात. त्यात ‘कोरडा’ या शब्दावर माझा भर आहे. झुरळांना अन्नाच्या कणांइतकीच पाण्याची गरज असते, आणि ती रात्री बाहेर पडतात. ओला ओटा आणि भरलेले सिंक म्हणजे त्यांना पाटरांगोळी मांडून दिलेले आमंत्रण. शिवाय सकाळी डबा, चहा, शाळा आणि लोकल यांच्या धांदलीत ज्याला ओटा रिकामा मिळतो त्याचा त्या दिवसाचा पहिला अर्धा तास कोणावर चिडण्यात जात नाही.

कपड्यांचा प्रश्न थोडा नाजूक आहे, कारण तो आळसाचा नसून वर्गीकरणाचा आहे. धुतलेले कपडे कपाटात जातात, मळलेले बादलीत किंवा यंत्रात जातात. पण तासभर घालून झालेला, मळका न म्हणावा असा आणि धुतलेल्या चळतीत परत ठेवू नये असा जो सदरा, कुर्ता किंवा जीन्स असते, तिला बहुतेक घरांत अधिकृत जागाच नसते. जिला जागा नाही ती वस्तू खुर्चीवर जाते. शयनगृहातली खुर्ची बसण्यासाठी घेतली होती याचा काही महिन्यांत सर्वांना विसर पडतो. येथे शिस्तीचे व्याख्यान देऊन काही होत नाही. दाराच्या मागे दोन-तीन खुंट्या ठोकाव्यात, म्हणजे त्या अनिश्चित कपड्यांना तिसरा वर्ग मिळतो. जुन्या वाड्यांतून भिंतीला ओळीने लाकडी खुंट्या असत, कोनाडे असत, भिंतीत फडताळ असे. नव्या सदनिकेच्या गुळगुळीत भिंतीला हे काहीच नसल्यामुळे वस्तू सपाट पृष्ठभाग शोधत फिरतात.

प्रत्येक वस्तूला जागा, आणि ती जागा दिसेल अशी: हे सूत्र आज सर्वांत काटेकोरपणे पाळले जाते ते घरांत नव्हे, कारखान्यांत. जपानी कारखानदारीतून आलेली ‘फाईव्ह एस’ नावाची पद्धत पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कामगारांच्या चांगल्या परिचयाची आहे. नको ते काढणे, हवे ते जागी लावणे, स्वच्छ करणे, हे सर्वांनी एकाच रीतीने करणे आणि ते टिकवणे, असे तिचे पाच भाग. तेथे भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, त्यामुळे एखादा पाना परत आला नाही तर रिकामी आकृती लांबूनही दिसते आणि पाळी संपण्याच्या आत शोध सुरू होतो. कारखान्यात पान्याची जागा न चुकणारा तोच गृहस्थ घरी आल्यावर स्कूटरची किल्ली कोठे ठेवली म्हणून साऱ्या घराला कामाला लावतो, असे दृश्य अपूर्व नाही. त्याचा दोष स्मरणशक्तीचा नाही. घरी किल्लीची आकृती रंगवलेली नसते. दाराशी एक खुंटी लावून ‘येथे किल्ली, दुसरीकडे कोठेही नाही’ असा हुकूम सुटलेला नसतो.

कागदांविषयी थोडक्यात. विजेचे बिल, घरपट्टीची पावती, शाळेचे पत्रक, औषधाची चिठ्ठी, रेशनकार्ड, विम्याचे दस्तऐवज: यांपैकी निम्मे आता मोबाईलवर आले असले तरी उरलेले निम्मे निर्णायक वेळीच गहाळ होतात. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहून, अक्षर, कागद आणि शाई यांच्याबरोबरच पोथी गुंडाळण्याचे मेणकापड, पेटी आणि कुलूप यांचीही नोंद घेतली आहे. लिहिलेले जपून ठेवणे हा त्यांच्या लेखी लिहिण्याचाच भाग होता. आलेला कागद उभ्या उभ्याच वाचावा, टाकायचा तो तेथेच टाकावा, राखायचा तो एका फाईलीत सरकवावा आणि पैसे भरायचे असतील तर तारीख कॅलेंडरवर टिपावी, यापलीकडे या शास्त्रात फारसे काही नाही. ‘नंतर बघू’ म्हणून फ्रिजवर ठेवलेला कागद, कोणी काही म्हणो, कायमचा फ्रिजवर राहतो.

आतापर्यंत सांगितले ते आहे त्या वस्तू जागी ठेवण्याविषयी. पण घरात येणाऱ्या वस्तू जर जाणाऱ्या वस्तूंहून सतत अधिक असतील तर कोणतीही सवय कालांतराने हात टेकते. जुन्या गृहव्यवस्थेत जावक खाते जिवंत होते, आणि त्याचे अर्धे श्रेय दारावर येणाऱ्या माणसांना होते. बोहारीण डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येई, ओसरीवर बसे, जुनी लुगडी आणि पँटी उलट्यासुलट्या करून, उजेडात धरून, विरलेल्या जागेवर बोट ठेवून नाक मुरडी, आणि तासाभराच्या घासाघिशीनंतर चार कपड्यांवर एक स्टीलचे पातेले देऊन निघून जाई. त्या सौद्यात कोण जिंकले याची चर्चा दोन दिवस चाले. पण कपाटाचा एक खण मोकळा झालेला असे. रद्दीवाला, भंगारवाला, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून देणारी बाई, या सर्व मार्गांनी घर श्वास टाकीत असे. शहरांतील मोठ्या संकुलांच्या फाटकांवर पहारा बसल्यापासून ही वर्दळ आटली, आणि त्याच काळात आवक मात्र घरबसल्या, बोटाच्या टोकावर आली. आता जावकीचा दिवस आपणच नेमावा लागतो. महिन्याचा शेवटचा रविवार रद्दीला आणि जुन्या कपड्यांना दिला तरी पुष्कळ झाले.

या संदर्भात संक्रांतीच्या वाणाचा उल्लेख टाळता येत नाही. हळदीकुंकवाला लुटलेले प्लास्टिकचे डबे, गाळण्या, साबण ठेवायच्या तबकड्या आणि न जुळणाऱ्या वाट्या यांनी किती फडताळे व्यापली आहेत याची खानेसुमारी झाली पाहिजे. ओटीतल्या खणांचे तरी बरे असते. ते शिवले न जाता घरोघर फिरत राहतात आणि कधीकधी वर्षा-दोन वर्षांनी मूळ मालकिणीकडे परत येतात. डब्यांना तीही गती नाही. वाण म्हणून गूळ, शेंगदाणे, चहापत्ती, उदबत्ती असे काही खाऊन किंवा जाळून संपणारे द्यावे, असे माझे मत मी ओळखीच्या भगिनींपुढे मांडत आलो आहे आणि त्याला अद्याप फारसे यश आलेले नाही. याच पंक्तीत ते पारदर्शक, एकसारखे, चिठ्ठ्या चिकटवलेले डबेही बसतात, जे हल्ली चित्रफितींतून पाहून, घर आवरण्यासाठी म्हणून, घरात आणले जातात. डाळ पूर्वीच्या डब्यात होती तेव्हाही डाळच होती. पूर्वीचा डबा आता रिकामा होऊन माळ्यावर गेला आहे.

शेवटी, ही सारी सवय कोणी लावून घ्यायची? घर आवरण्याविषयीचे लेखन पुष्कळदा गृहिणीला उद्देशून असते, आणि तेथेच त्याचा पाया ढासळतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेल्या वेळ-वापर पाहणीत, घरातील बिनमोल कामे करणाऱ्यांपैकी बायकांचा त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. आणि मुळात दिवसभरात अशा कामाला हात लावणाऱ्या बायका ८१ टक्के, तर पुरुष २६ टक्के होते. अमेरिकेत डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोघेही नोकरी करणाऱ्या दांपत्यांना आपापल्या घराचे वर्णन करायला सांगितले होते. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अपुरी राहिलेली कामे पुन्हा पुन्हा आली, त्यांच्या शरीरातील ताणाच्या संप्रेरकाची पातळी दिवस मावळताना जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. नवऱ्यांच्या बाबतीत असा संबंध तितकासा दिसला नाही. पसारा दोघांनी केलेला, डोळ्यांत मात्र एकीच्याच खुपतो, असा याचा अर्थ मी लावतो. पाच माणसांनी अर्धवट टाकलेली कामे एका माणसाने पुरी करायची, अशी जी व्यवस्था आपण चालवतो, तिला सवय म्हणता येत नाही. ती वेठ आहे. वस्तू ज्याने उचलली त्यानेच ती परत ठेवायची, मग तो सातवीतला मुलगा असो की निवृत्त आजोबा, हा नियम घरात सर्वांना सारखा लागू नसेल तर वर सांगितलेल्या एकाही युक्तीचा काही उपयोग नाही, असे मी स्पष्टच म्हणेन.

आणि जी बाई सकाळी तासाभरासाठी केरफरशीला येते, तिचाही विचार या नियमात व्हावा. तिला चार घरे गाठायची असतात. जमिनीवर पसरलेली खेळणी, चपला, वायरी आणि वर्तमानपत्रे उचलण्यात तिची पंधरा मिनिटे गेली तर ती उरलेला केर वस्तूंच्या कडेकडेने काढते, आणि त्याबद्दल तिला बोल लावण्याचा आपल्याला अधिकार पोचत नाही. केर काढणे तिचे काम आहे. जमीन मोकळी करून देणे आपले. तेव्हा वाचकहो, फार मोठा संकल्प करू नका. उद्या सकाळी त्या बाईंनी बेल वाजवण्याच्या आत घरातल्या प्रत्येकाने आपापल्या वस्तू जमिनीवरून उचललेल्या असतील, एवढा एकच ठराव आज रात्री जेवताना सर्वांच्या संमतीने मंजूर करून घ्या.